शीग आणि काटा

वसुबारसेला चार दिवस उरले की मराठी घरांतले फोन जरा लांबतात. पुण्याहून नागपूरला, ठाण्याहून चिपळूणला, न्यू जर्सीहून सांगलीला. फराळाच्या याद्या होतात, कोण काय करणार याची चौकशी होते, आणि मग हमखास एक संवाद येतो.

‘‘आई, एक वाटी भाजणी म्हणजे कोणती वाटी?’’

‘‘आपली नेहमीची गं. आमटीची.’’

‘‘आमटीच्या माझ्याकडे तीन आकाराच्या आहेत.’’

‘‘मग मधली घे. आणि हलक्या हातानं भर, दाबू नकोस.’’

पात्र केवढं आणि ते भरायचं कसं, हे दोन्ही प्रश्न या चार वाक्यांत येऊन गेले. तिसरा राहिला: पात्रात काय आहे? ओट्यावर वजनकाटा ठेवून ‘एक वाटी म्हणजे किती ग्रॅम’ असं विचारणाऱ्याला या तिन्हींची उत्तरं आधी द्यावी लागतात. तोवर मोबाइलवर दिसणारा कुठलाही आकडा त्याच्या कामाचा नसतो.

वाटीचं माप कुठल्याही कायद्यानं ठरवलेलं नाही. रोजच्या वापरातली स्टीलची वाटी साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटरची असते. लग्नात आहेर म्हणून आलेली त्याहून मोठी निघते, नैवेद्याची अगदीच लहान. तरीही मराठी स्वयंपाकाची लिखित परंपरा तिच्यावरच उभी आहे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घराघरात पोचलं, त्यामागे वाटी-चमच्याच्या मापांचा मोठा वाटा होता. नव्यानं संसार मांडलेल्या मुलीकडे तराजू नव्हता, वाटी होती. त्या पुस्तकानं ‘अंदाजानं घ्या’ असं न सांगता तिच्या हातातल्या भांड्यावर विश्वास ठेवला, आणि त्या मापांनी केलेले पदार्थ जमले.

ते का जमले, हे चकलीच्या भाजणीत दिसतं. अनेक घरांत तिचं प्रमाण असं असतं: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, वर धने-जिरे. गिरणीत दळायला मोठी भाजणी करणाऱ्या बायका तेच वजनात सांगतात: किलोभर तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ. चाराला दोन, दोनाला एक. वाटीनं मोजा नाहीतर किलोनं, प्रमाण हलत नाही, कारण दोनशे मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ असो, हरभऱ्याची डाळ असो की उडदाची, वजन साधारण १६० ते १७० ग्रॅमच भरतं. कोरडं, टणक, सारख्या जातीचं धान्य वाटीत सारख्याच दाटीनं बसतं. वाटी लहान की मोठी यानं काही बिघडत नाही. सगळ्यांसाठी एकच वाटी वापरली की झालं.

मात्र याच भाजणीत काही घरी खुसखुशीतपणासाठी वाटीभर पोहे घालतात. तिथे वजनाचा हिशेब करणारा फसतो. ‘चार वाट्या तांदूळ म्हणजे किलो, तर एक वाटी पोहे म्हणजे पाव किलो’ असं म्हणून त्यानं पोहे तोलले, तर हव्यात त्याच्या दुपटीहून जास्त पडतात. जाड पोह्यांच्या वाटीचं वजन तांदळाच्या वाटीच्या निम्म्याहूनही कमी असतं.

आता भाजणी दळून आली. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, हवेनं फुललेलं असतं. रात्रभर डब्यात राहिलं की खाली बसतं. त्यातून डबा आपटून भरला असेल तर आणखी दाबलं जातं. एकाच डब्यातलं पीठ एकदा चाळून, चमच्यानं हलकेच वाटीत घालावं आणि एकदा वाटीच डब्यात खुपसून भरावं. दोन वाट्या दिसायला अगदी सारख्या, पण वजनात पाचवा हिस्सा तरी फरक सहज पडतो. उकडीला ‘वाटीला वाटी पाणी’ घ्यायचं असतं. पाण्याची वाटी दर वेळी तेवढीच राहते, पिठाची बदलते. मग एका वर्षी चकली सोऱ्यातून निघता निघता तुटते, दुसऱ्या वर्षी पीठ सैल होऊन काटेच उमटत नाहीत, आणि दोष तांदळावर किंवा गिरणीवर जातो. आईनं ‘दाबू नकोस’ म्हटलं ते याचसाठी. तिनं ते कुठे वाचलेलं नाही, तिच्या हाताला ते ठाऊक आहे.

दोनशे मिलिलिटरची एकच वाटी घेऊन ओट्यावरचे डबे एकामागून एक उघडले तर काय दिसतं? पाणी २०० ग्रॅम. मीठ बारीक असेल तर २४०च्या आसपास, म्हणजे पाण्याहून जड. साखर १७०. रवा १४०. कणीक आणि मैदा १०० ते १२०. बेसन त्याहून हलकं, चाळलेलं असेल तर ८०-९० ग्रॅमसुद्धा. वितळलेलं तूप १८०. जाड पोहे सत्तर-ऐंशी, चिवड्याचे पातळ पोहे पंचवीस-तीस, आणि कुरमुरे जेमतेम पंधरा. एकाच वाटीत पंधरापासून २४०पर्यंत, म्हणजे सोळापट अंतर. एका सूत्रानं वाटीचे ग्रॅम करता येत नाहीत ते यामुळे. प्रत्येक जिन्नसाचं सूत्र वेगळं आहे, आणि पिठांचं तर भरणाऱ्या हाताप्रमाणेही बदलतं.

साखरेचंच घ्या. दाणेदार साखरेची एक वाटी मिक्सरमधून काढली की तिची जवळजवळ पावणेदोन वाट्या पिठीसाखर होते. दाण्यांच्या जागी भुकटी आली, मधली हवा वाढली. बेसनाच्या लाडवाला ‘दोन वाट्या साखर, दळून’ आणि ‘दोन वाट्या पिठीसाखर’ यांत एका स्वल्पविरामाचं अंतर दिसतं. वजनात ते ३४० आणि २०० ग्रॅम आहे. पहिला लाडू खाताना घसा बसेल, दुसरा बेताचा गोड होईल. कृती लिहून घेताना हा स्वल्पविराम गळाला की पुढची पिढी आजीच्या लाडवाची चव शोधत बसते.

मोदकाच्या उकडीची गोष्ट उलटी आहे. वाटीला वाटी, हे प्रमाण तिथे पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. ते कुणी काट्यावर नेलं आणि शंभर ग्रॅम पिठीला शंभर ग्रॅम पाणी घेतलं, तर उकड कोरडी होते, पारीला भेगा पडतात. तांदळाच्या पिठीची वाटी सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर आणि पाण्याची दोनशे. आजीचं ‘सारखं’ हे मापाचं सारखं आहे, वजनाचं नव्हे. वजनात ते पिठीच्या दीडपटीहून अधिक पाणी आहे.

आणि अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कापडावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे आणि त्यात गूळ मिसळायचा. तांदूळ भिजताना आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं किंवा थोडं जास्तच पाणी पितो. किलोभर तांदळाचं ओलं पीठ त्यामुळे सव्वा किलोच्या पुढे भरतं. ‘तांदळाइतका गूळ’ हे कोरड्या तांदळाचं माप ज्यानं ओल्या पिठाला लावलं, त्याचा गूळ पाव किलोनं वाढला. वाढलेला गूळ तुपात विरघळतो आणि अनारसा हसतो. तुपात जाळी सुटून विखुरणाऱ्या अनारशाला ‘हसला’ म्हणतात. ज्यानं चार दिवस त्या पिठाची काळजी घेतली त्याच्या डोळ्यांत मात्र पाणी येतं. इथे काटा चुकत नाही. काट्यावर काय ठेवलं आहे, कोरडं की ओलं, हे विसरलं की माणूस चुकतो.

कोरड्या-ओल्याचा हा पेच फार जुना आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत मापांची ‘परिभाषा’ सांगताना ‘द्रवद्वैगुण्य’ नावाचा नियम येतो: कुडव आणि त्यावरच्या मापांत पातळ पदार्थ आणि ताज्या ओल्या वनस्पती सांगितल्याच्या दुप्पट घ्याव्यात. हा कुडव म्हणजे चार पळांचं वजन. शार्ङ्गधरसंहितेत तो भांडं म्हणूनही येतो: माती, बांबू, लाकूड किंवा लोखंडाचं, चार अंगुळं रुंद आणि चार अंगुळं उंच. नाव एकच, पण ते वजनाचंही आणि आकारमानाचंही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुडुब, प्रस्थ, आढक आणि द्रोण अशी चौपटीची चढण आहे. गोव्यात भात मोजताना खंडी, कुडव आणि पायली हे शब्द अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या बोलण्यात होते.

घाटावरची आणि कोकणातली मापं मात्र दुपटीनं चढतात. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. या रचनेत मोठं शहाणपण आहे. हाताशी एकच माप असेल तरी अर्धं आणि दुप्पट करून वरची-खालची सगळी मापं साधता येतात, वजनं लागत नाहीत, दांडी समतोल करावी लागत नाही. खळ्यावर धान्याची रास पडली की मापानंच मोजायची, बलुतेदारांचा वाटा मापानंच द्यायचा. पहिलं माप टाकताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. नवी सून उंबरठ्यावर उजव्या पावलानं तांदळाचं माप ओलांडते, त्या भांड्याचं नावच ‘माप’. मराठी घराच्या दारात अजूनही तराजू नसतो, मापटं असतं.

पण मापाला एक दुखणं होतं, आणि तेही दारातच बसलेलं. ते म्हणजे शीग.

भांड्याच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग म्हणजे शीग. शिगोशीग भरलेलं माप आणि काठावरून हात फिरवून सपाट केलेलं माप यांत किती फरक पडावा? तांदळासारखं धान्य आपोआप तीस अंशांच्या आसपास उतार धरून ढीग करतं. भांडं जेवढं रुंद तेवढंच उंच असेल, तर शिगेत भांड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं धान्य मावतं. भांडं पसरट असेल, उंची रुंदीच्या निम्मीच असेल, तर तोच हिस्सा पाचव्यापर्यंत जातो. याचा अर्थ, त्याच पोटाचं पण रुंद तोंडाचं माप घेऊन घेणाऱ्यानं धान्य घ्यावं आणि देताना सपाट करून द्यावं, तर कुणालाही चोरी दिसू नये. धान्य उंचावरून ओतलं तर दाट बसतं, हळूच सोडलं तर पोकळ राहतं. माप ठोकलं, हलवलं तर आणखी दाणे मावतात. ‘मापात पाप’ ही म्हण या सगळ्या युक्त्या सोसलेल्या माणसांनी घडवली असावी. खळ्यावरून रिकाम्या हातानं परतलेल्या कुळांची आणि मजुरांची ती तक्रार वाटते, आणि तिच्यातलं दुःख आज ऐकतानाही जाणवतं.

वजनाकडे जाण्याचं बळ तिथून आलं. पण वजनाचंही एकमत नव्हतं. मुंबईचा मण २८ पौंडांचा, त्यामुळे त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याचा शेर अवघा ३१८ ग्रॅम भरे. रेल्वेचा मण मात्र ८२ पौंडांहून थोडा जास्त. १९३९च्या कायद्यानं शेर ८० तोळ्यांचा ठरवला, आजच्या हिशेबात ९३३ ग्रॅम. शिवाय मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा. एका तालुक्यातली पायली दुसऱ्या तालुक्यात पायली राहत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५६चा वजन-मापांचा कायदा आला, १ ऑक्टोबर १९५८पासून ठिकठिकाणी किलो-ग्रॅम रुजू लागले, आणि १ एप्रिल १९६२पासून वजनासाठी मेट्रिक पद्धत देशभर सक्तीची झाली. सोनाराच्या दुकानातला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, तो बोलण्यात दहा ग्रॅमचा झाला. मंडईतला पावशेर आता अडीचशे ग्रॅमचा आहे, नाव मात्र पावशेरच. बाजार समित्यांत आज इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोती तोलणाऱ्या कामगाराला मापाडीच म्हणतात. त्याच्या हातून माप गेलं, नाव तेवढं उरलं.

कायदा दुकानापर्यंत पोचला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. वाण्याकडून तांदूळ किलोनं यायचे, डब्यात पडायचे आणि डब्यातून वाटीनं निघायचे. ही फारकत गेली साठ वर्षं प्रत्येक घरात आहे. रोजच्या वरण-भाताला ती जाणवतही नाही, कारण कुकरमध्ये तांदळाला पाणी प्रमाणात घ्यायचं असतं आणि प्रमाणाला वाटी पुरते. ती जाणवते ती वर्षातून एकदा करायच्या पदार्थांना, किंवा माणूस दूर गेल्यावर.

दूर म्हणजे अमेरिकेत, असं धरलं तर तिथेही भांड्याचंच राज्य आहे. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पाककृतींच्या पुस्तकात कप आणि चमचे सुरीनं सपाट करूनच मोजायचे, असा आग्रह धरला. त्या देशाची घरं आजही मोठ्या प्रमाणात त्याच वाटेनं चालतात. तिथला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, पाकिटांवरच्या पोषणाच्या माहितीसाठी २४०चा. आणि तिथल्या बेकिंग करणाऱ्यांचा वाद आपल्या भाजणीसारखाच आहे: चमच्यानं भरलेला मैद्याचा कप १२० ग्रॅम, पिशवीत खुपसून भरलेला दीडशेच्या जवळ. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात आईची ‘वाटी’ कपात बदलली की सगळे जिन्नस एकत्र मोठे होतात, तेव्हा चालून जातं. अडचण येते ती कृतीत ‘दोन वाट्या’च्या शेजारी ‘पाव किलो’ लिहिलेलं असलं की. वाटी वाढते, पाव किलो वाढत नाही. त्यातच विजेच्या भातकुकरबरोबर आलेला पारदर्शक कप १८० मिलिलिटरचा असतो, कारण तो जपानी ‘गो’ या जुन्या मापावरून आला आहे. तो ओट्यावर इतर कपांत मिसळला की गोंधळात भर. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून वीस मिलिलिटरचा, इतरत्र साधारण पंधराचा. चकलीला ‘चार टेबलस्पून मोहन’ हे सिडनीत ८० मिलिलिटर आणि शिकागोत ६०. त्या जास्तीच्या वीस मिलिलिटर तेलानं चकली कढईत विरू शकते.

तेलाचाच विषय निघाला आहे तर एक खास गोष्ट सांगायला हवी, कारण ती दिवाळीच्या खर्चाशी जोडलेली आहे. तेल गरम झालं की फुगतं, वजन तेवढंच राहतं. सोयाबीनचं तेल २१ अंश सेल्सिअसला मोजलं तर एका लिटरमध्ये सुमारे ९१९ ग्रॅम असतं, ६० अंशांना मोजलं तर सुमारे ८९३. काही उत्पादक पाकिटावर ‘६० अंशांना एक लिटर’ अशा अर्थाचं लिहीत. महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात तेलाचा डबा ६० अंशांवर ठेवलेला असतो? दर लिटरमागे पंचवीसेक ग्रॅम तेल ग्राहकाच्या हाती कमी पडायचं. २०२२च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं उत्पादकांना सांगितलं, की तापमानाचा उल्लेख न करता आकारमान लिहा आणि सोबत वजनही द्या. त्यासाठी १५ जानेवारी २०२३पर्यंत मुदत दिली. पाकिटावर लिटरच्या शेजारी ग्रॅम दिसतात ते या कारणानं. विकत घेताना ग्रॅमचा आकडा पाहावा, तो उन्हाळ्यात-हिवाळ्यात बदलत नाही.

हे सगळं हल्ली ज्यांना रोज सोसावं लागतं त्या म्हणजे फराळ विकणाऱ्या बायका. बचतगटाची सुरुवात बहुतेकदा एका चांगल्या हातापासून होते. तिचा चिवडा गल्लीत गाजलेला असतो, पण तिच्या डोक्यातली कृती वाट्यांची आणि मुठींची असते. विक्रीच्या पाकिटावर मात्र निव्वळ वजन ग्रॅममध्ये छापावंच लागतं, २०११चे आवेष्टित वस्तूंचे नियम तेच सांगतात. किंमत ठरवायची तर तेल, खोबरं, शेंगदाणे किलोच्या भावानं आलेले. दहा किलोच्या ऑर्डरला किती वाट्या पोहे लागतील, हा हिशेब मुठीत करता येत नाही. त्यातून ज्या गटात चार जणी आळीपाळीनं करतात, तिथे एकीची मूठ दुसरीच्या मुठीएवढी नसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘मागच्या वेळची चव नाही.’’ अशा गटात पहिल्या नफ्यातून वजनकाटा यावा, मोठी कढई नंतर. काट्यानं चव येत नाही, पण एकदा जमलेली चव तो पुन्हा आणून देतो.

पातळ पोह्यांचा चिवडा तर मापाला आणि वजनाला अखेरपर्यंत छळतो. अर्धा किलो लाडू छोट्या डब्यात बसतात, अर्धा किलो चिवड्याला पातेलं लागतं. गिऱ्हाइकाला मोठी पिशवी दिसते आणि भाव जास्त वाटत नाही. लाडवाचा डबा लहान दिसतो आणि महाग वाटतो. हाच फराळ परदेशी पाठवायचा झाला की आकारमान परत अंगावर येतं. विमानानं जाणाऱ्या पार्सलचं खरं वजन आणि ‘आकारमानी वजन’ यांतलं जे जास्त असेल त्यावर पैसे लागतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला बहुतेक कुरिअर कंपन्या पाच हजारानं भागतात. ४० बाय ३० बाय २५चं खोकं म्हणजे सहा किलो. आत साडेतीन किलोच फराळ असला तरी पैसे सहाचेच. म्हणून अनुभवी बायका चकल्यांच्या वेढ्यांत शंकरपाळे भरतात, चिवड्याची पिशवी कोपऱ्यातल्या पोकळीत कोंबतात, आणि करंज्या सगळ्यात वर. खोक्यातली हवा कमी करणं हेच तिथे पैसे वाचवणं. धान्याचं माप ठोकून जास्त दाणे बसवणारे व्यापारी जे जाणत होते तेच हे, फक्त इथे त्यात कुणाचं नुकसान नाही.

ज्यांना घरची कृती काट्यावर आणायची आहे त्यांच्यासाठी सुरुवात सोपी आहे. घरातली जी ‘नेहमीची’ वाटी आहे ती रिकामी काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, आणि काठोकाठ पाणी भरायचं. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळपास एक ग्रॅम. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढी त्या वाटीची कुवत. १७५ दिसले तर ती १७५ मिलिलिटरची वाटी. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण वाटी हरवते, चेपते, भावाभावांत वाटली जाते. मग घरातलं बेसन, घरातला रवा, घरातली पिठी, जशी नेहमी भरली जाते तशी तीनदा भरून तीनदा तोलावी आणि मधला आकडा घ्यावा. इंटरनेटवरचा तक्ता दुसऱ्या कुणाच्या चाळणीचा असतो. हा स्वतःच्या घरचा.

सगळं तोलावं असं मात्र नाही. साधा घरगुती काटा एकेका ग्रॅमनं सरकतो. केशराच्या दहा काड्या, चिमूटभर वेलचीपूड किंवा जायफळ ठेवलं तर तो जागचा हलतही नाही. तिथे चिमूटच खरी. चुलीची आच, दुधावर साय धरायचा वेळ, बेसन भाजताना सुटणारा वास यांना तर ना माप ना वजन. आहाराची पाहणी करणाऱ्यांनीही माप सोडलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पद्धतीत घरोघरी जाऊन ‘काल काय खाल्लं’ विचारताना ठरावीक आकारांच्या कपांचा संच सोबत असतो. सांगणारी बाई ‘दीड वाटी आमटी’ म्हणते, तेव्हा तिच्या वाटीशी मिळणारा कप शोधून त्यावरून ग्रॅम काढले जातात. तिची वाटी आधी मान्य करायची आणि मग मोजायचं, ही रीत आपल्या घरातही उपयोगी पडेल.

आजी वाटीनंही मोजत नसेल तर? अनेक घरांत तसंच आहे. ती डब्यात हात घालते, पीठ परातीत पडतं, दुसऱ्यांदा हात जातो तो अर्ध्या मुठीसाठी. तिला थांबवून ‘आता हे काट्यावर टाक’ म्हटलं तर हात बिचकतो, आणि जे तोललं जातं ते तिचं नेहमीचं राहत नाही. त्यापेक्षा पिठाचा डबाच काट्यावर ठेवावा, काटा शून्यावर आणावा आणि आजीला तिच्या पद्धतीनं करू द्यावं. ती जेवढं काढून घेईल तेवढा आकडा उणे दिसतो. तुपाची बरणी, साखरेचा डबा, सगळं असंच. बोलत राहावं, मागच्या दिवाळीच्या गोष्टी काढाव्यात, आणि शेजारी वही उघडी ठेवावी.

परातीत बेसन पडतं. काट्यावर उणे ३१२. नात लिहून घेते. आजी परातीकडे बघते, ‘‘थोडं अजून लागेल गं,’’ म्हणते आणि पुन्हा डब्यात हात घालते. उणे ३४०. नात पहिला आकडा खोडत नाही, त्याच्या पुढे दुसरा लिहिते.